पाटीवरचे नाव, तोंडातले नाव : आयर्लंडमधील आठ दिवस

पहिला दिवस, रविवार : डन लिअरी

मुद्रितशोधनाच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाचा छापील अक्षरावर जितका विश्वास असतो तितकाच अविश्वासही असतो. तरीही डब्लिनच्या विमानतळावर बसचालकाला भाचीच्या गावाचे नाव सांगताना मी कागदावरच्या रोमन अक्षरांवरच भिस्त ठेवली आणि 'डन लाओघैरे' असे सावकाश, अक्षरे सोडवत म्हटले. चालकाने विनयाने दोनदा 'कुठे?' असे विचारले. शेवटी मी कागदच त्याच्यापुढे धरला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. 'डन लिअरी!' असे म्हणून त्याने तिकीट फाडून दिले. डी, यू, एन यांचे 'डन' कसे होते ते मला कळत होते. पण पुढच्या एल, ए, ओ, जी, एच, ए, आय, आर, ई या नऊ अक्षरांचे 'लिअरी' कसे झाले, याचा उलगडा तासाभराच्या प्रवासात होऊ शकला नाही.

भाची सहा वर्षांपासून येथे राहते. ती म्हणाली, "मामा, त्यातली निम्मी अक्षरे बोलायची नसतात. ती शेजारच्या अक्षरांवर लक्ष ठेवायला बसवलेली असतात." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. पुढचे आठ दिवस ते किती उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

या गावाच्या नावाचा इतिहास संध्याकाळी धक्क्यावर फिरताना समजला. इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव पूर्वी अगदी सरळ, जसे ऐकू येते तसे, 'डनलिअरी' या वळणाने लिहीत. 1821 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज येथील बंदरातून परत गेला, त्याच्या सन्मानार्थ गावाचे नाव 'किंग्जटाउन' झाले आणि ते जवळजवळ शंभर वर्षे टिकले. 1920 मध्ये, स्वातंत्र्याची चळवळ ऐन भरात असताना, राजाचे नाव उतरवून जुने नाव पुन्हा लावण्यात आले. मात्र आता ते इंग्रजी वळणाने न लिहिता आयरिश वळणाने लिहिले गेले. नावाचा अर्थ 'लेरे राजाचा गड' असा असून हा राजा पाचव्या शतकातला मानला जातो. म्हणजे उच्चार पूर्वीचाच राहिला आणि लेखन तेवढे बदलले. परक्याला सोपे असलेले लेखन जाऊन मालकाचे लेखन आले.

त्यातही एक गंमत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आयरिश भाषेच्या शुद्धलेखनात सुधारणा झाली आणि बोलण्यात केव्हाच विरून गेलेली अनेक अक्षरे लिखाणातूनही काढली गेली. त्या नियमांनी या नावातला मधला 'जीएच' जायला हवा होता. पण गावाने तो सोडला नाही. आपल्याकडे 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तरी कितीतरी वर्षे जुन्या पाट्यांवर 'गांव' आणि 'नांव' डोक्यावर टिंब मिरवत होतेच. ती टिंबे खोडण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे त्या 'जीएच'विषयी मला थोडी आपुलकी वाटली.

दुसरा दिवस, सोमवार : डब्लिन

समुद्रकाठाने जाणाऱ्या लोकल गाडीने शहरात गेलो. आदल्या संध्याकाळी त्याच मार्गावर 'डॉकी' पाहिले होते, ज्याच्या लेखनात मध्यभागी एक 'एल' स्वस्थ बसलेला असतो. याच मार्गाच्या उत्तर टोकाला 'होथ' आहे. इंग्रजी वाचणारा कोणीही त्याचा 'हाउथ' करील, आणि मीही केलाच. होथ हा शब्द आयरिश नाहीच. तो व्हायकिंगांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ 'डोके', म्हणजे समुद्रात शिरलेले भूशिर. येथे तीन भाषा एकमेकींच्या अंगावर पाय ठेवून बसल्या आहेत.

खुद्द डब्लिनच्या बाबतीत हेच आहे. 'डब्लिन' म्हणजे काळा डोह. हा डोह शहराच्या किल्ल्यामागे होता असे सांगतात आणि तेथे आता गोल हिरवळीची बाग आहे. आयरिशमध्ये मात्र शहराचे नाव अगदी वेगळे, 'बाल्या आहा क्लीअ' असे आहे. त्याचा अर्थ कुडाच्या उताराचे गाव: नदीच्या उथळ पात्रात काटक्यांचे विणलेले कूड अंथरून लोक पलीकडे जात. आपल्याकडे ज्याने कुडाची भिंत सारवलेली पाहिली आहे, त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घाईच्या बोलण्यात या तिन्ही शब्दांचे मिळून 'ब्लॉ क्लीअ' एवढेच उरते. मोटारींच्या क्रमांकपट्टीवर हे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि सिग्नलपाशी उभे राहून ते मी पुन्हापुन्हा वाचले.

रस्त्यावरच्या पाट्यांची पद्धत पहिल्याच दिवशी ध्यानात येते. वर आयरिश नाव तिरप्या अक्षरांत आणि खाली इंग्रजी नाव मोठ्या उभ्या अक्षरांत असते. शहरातल्या बसच्या कपाळावर 'अन लार' असे वाचून ते एखादे उपनगर असावे असा माझा समज झाला होता. त्याचा अर्थ केवळ 'मध्य', म्हणजे शहराचा मध्यभाग.

दुपारी मुद्दाम फिनिक्स पार्कमधल्या माउंटजॉय हाउसपर्यंत चालत गेलो, कारण ज्या लेखनाने मला विमानतळावर तोंडघशी पाडले होते त्याच्या भाऊबंदांचे मूळ येथे आहे. 1824 मध्ये आयर्लंडची जमीनमोजणी सुरू झाली आणि तिचे मुख्यालय या इमारतीत आले. सबंध देशाचे नकाशे एका मैलाला सहा इंच या प्रमाणात काढायचे होते, आणि 'टाउनलँड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आपल्या वाडी-शिवारासारख्या, साठ हजारांवर लहान भूभागांची नावे त्यांत लिहायची होती. (या मोजणीसाठी कोल्बी या अधिकाऱ्याने पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या तयार केल्या, उष्णतेने दोन्ही धातू कमीअधिक वाढले तरी पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर बदलत नसे. याच पट्ट्या पुढे जॉर्ज एव्हरेस्ट या अधिकाऱ्याने हिंदुस्थानच्या मोजणीत वापरल्या.) नावे लिहिण्याचा प्रश्न मात्र पट्टीने सुटणारा नव्हता. एकाच वस्तीचे नाव जमीनदाराच्या दप्तरात एक, चर्चच्या वहीत दुसरे आणि जुन्या नकाशात तिसरे असे. म्हणून 1830 मध्ये जॉन ओडोनोव्हन या आयरिश जाणणाऱ्या तरुण विद्वानाला नेमले गेले. तो गावोगाव हिंडून जुन्या आयरिश बोलणाऱ्यांना नाव उच्चारायला सांगे, त्यावरून मूळ शब्द आणि त्याचा अर्थ शोधी, आणि मग नकाशासाठी त्याचे एक इंग्रजी लेखन ठरवून देई. प्रत्येक नावासमोर आधीची सगळी लेखने आणि ती कोणाकडून मिळाली हे नोंदवलेले असे. मुद्रितशोधक म्हणून मला या माणसाचा हेवा वाटला आणि कीवही आली. खरे नाव कानाने ओळखायचे आणि ते ज्या लिपीपद्धतीत बसत नाही तिच्यात बसवायचे, असे त्याचे काम होते.

त्या बसवण्यात काय हरवले याचे एकच उदाहरण देतो. आयरिशमध्ये 'किल्ल' म्हणजे देवालय आणि 'क्वील' म्हणजे रान; नकाशावर दोहोंचे बहुधा 'किल' झाले. आता 'किल'ने सुरू होणाऱ्या गावात पूर्वी साधू होता की झाडे होती, हे त्या पाटीवरून कळण्याला मार्ग नाही.

तिसरा दिवस, मंगळवार : कॉर्ककडे

ह्यूस्टन स्थानकातून कॉर्कची गाडी घेतली. या नावाचे लेखन पाहून मी 'हॉइस्टन' म्हणणार होतो, पण सावध झालो आणि नुसते 'कॉर्कची गाडी' म्हणालो. गाडीत घोषणा आधी आयरिशमध्ये आणि नंतर इंग्रजीत होतात. वहीची दोन रकान्यांत विभागणी करून मी डावीकडे पाटीवरचे नाव आणि उजवीकडे कानावर पडलेले नाव देवनागरीत लिहू लागलो. 'नास' असे वाचलेले गाव 'नेस' निघाले. 'थर्ल्स' वाटले ते 'थर्लस' निघाले, तेही कित्येकांच्या तोंडी 'टर्लस'. 1884 मध्ये आयरिश खेळांची मोठी संघटना याच गावात स्थापन झाली, असे शेजारच्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितले.

मात्र खरा उलगडा पोर्टलीशच्या फलाटावर झाला. लेखनाप्रमाणे ते 'पोर्टलाओइसे' व्हायला हवे. राणी मेरीच्या नावावरून या गावाचे नाव पूर्वी 'मेरीबरो' होते. 1929 मध्ये ते बदलले. ज्या लीश परगण्यात ते आहे, त्याचे लेखन एल, ए, ओ, आय, एस असे होते. येथे 'एस'चा 'श' का होतो, असे मी त्या गृहस्थांना विचारले. त्यांनी डोळे मिटून, शाळेत पाठ केलेले सूत्र म्हणावे तसे, आयरिशमधले एक वाक्य म्हटले आणि त्याचा अर्थ सांगितला: 'बारीकाशेजारी बारीक, रुंदाशेजारी रुंद.' ई आणि आय हे बारीक स्वर, तर ए, ओ, यू हे रुंद. व्यंजनाच्या दोन्ही बाजूंचे स्वर एकाच जातीचे असले पाहिजेत, आणि बारीक स्वराच्या शेजारी आलेला 'स' हा 'श' होतो. तेव्हा 'लीश'मधला तो 'आय' बोलण्यासाठी नाहीच. पुढचा 'स' हा 'श' म्हणून वाचावा, एवढे सांगण्यासाठी तो उभा आहे. भाचीचे वाक्य आता पुरते कळले.

हे ऐकून मला हसू आले, कारण हा नियम मला जन्मापासून येत होता. आपण 'पैसा' म्हणतो पण 'पैशाला', 'ससा' पण 'सशाला', 'घसा' पण 'घशात'. हिंदीतले 'सीखना' आणि 'सींग' मराठीत 'शिकणे' आणि 'शिंग' होतात. तालव्य स्वराची किंवा 'य'ची सोबत मिळाली की मराठीचा 'स' वितळून 'श' होतो, आयरिशचाही होतो. फरक इतकाच की आपण ऐकू येते तसे 'श' लिहून मोकळे होतो आणि आयरिश लिहिणारा 'स' तसाच ठेवून शेजारी एक पहारेकरी उभा करतो. त्या गृहस्थांना 'पैसा' आणि 'पैशाला' म्हणून दाखवले, तेव्हा त्यांनीही ते दोनदा म्हणून पाहिले.

परंतु आपली लिपी जशी बोलावी तशी लिहिली जाते, या अभिमानाला त्याच रात्री वहीने तडा दिला. 'चाक' आणि 'चार' यांतले 'च' वेगळे आहेत, 'जग' हा शब्द पृथ्वीसाठी एक आणि जगण्यासाठी दुसरा आहे, आणि देवनागरीत याची कुठेही खूण नाही. जो मराठी बोलतो त्याला ते ठाऊक असते, इतकेच.

चौथा दिवस, बुधवार : कोव्ह आणि यॉल

कॉर्कहून अर्ध्या तासात लोकल गाडी खाडीच्या कडेने कोव्हला पोहोचते. लेखन सी, ओ, बी, एच. मला वाटले 'कोभ'. जुन्या आयरिश छपाईत व्यंजन मऊ झाले हे दाखवण्यासाठी त्याच्या डोक्यावर टिंब देत असत. पुढे रोमन टंक आला तेव्हा टिंबाऐवजी शेजारी 'एच' लिहू लागले. म्हणून 'बीएच' म्हणजे 'भ' नव्हे, तर मऊ झालेला 'ब', म्हणजे 'व'. हे कळल्यावर आयरिश पाट्यांवरच्या 'एच'च्या गर्दीचा धाक बराच कमी होतो.

या गावाचा किस्सा साऱ्या प्रवासात मला सर्वांत आवडला. 'कोव्ह' हा मूळ इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ लहान आखात; गावाचे नाव पूर्वी सरळ तसेच लिहिले जाई. 1849 मध्ये राणी व्हिक्टोरिया येथे उतरली आणि गाव 'क्वीन्सटाउन' झाले. 11 एप्रिल 1912 रोजी टायटॅनिक जहाज शेवटचा थांबा घेऊन येथून निघाले, ते क्वीन्सटाउनहून. 1920 मध्ये राणीचे नाव पाटीवरून उतरले, आणि गावाने जुने नाव घेतले. पण ते इंग्रजी अक्षरजुळणीने लिहिणे मनाला पटेना, म्हणून तोच इंग्रजी शब्द आयरिश वर्णलेखनात बसवला. आयरिश भाषेत त्या अक्षरांना काहीच अर्थ नाही. धोतर नेसून उभा असलेला साहेबच तो. उतरत्या गल्लीतल्या रंगीत घरांवरून कॅथीड्रलच्या घंटांचा आवाज येत होता आणि मी धक्क्यावरच्या पाटीखाली उभा राहून ती चार अक्षरे पाहत होतो.

दुपारी बसने पूर्वेला गेलो. वाटेत एका गावाच्या इंग्रजी पाटीत 'दोन टेकड्या' असे स्पष्ट वाचता येते. टेकड्यांचा आणि त्या नावाचा संबंध नाही. ते 'तूहल नावाच्या माणसाचा खडक' असे आयरिश नाव आहे. कोणा लेखनिकाला ऐकू आले ते त्याने ओळखीच्या शब्दांत लिहून टाकले. आपल्याकडच्या शीव स्थानकाच्या इंग्रजी पाटीवर 'सायन' असते, त्यातलाच हा प्रकार. पुढे 'यॉल' आले. मी मनात 'योघल' जुळवून ठेवले होते. चालकाने एका दमात, जांभई दिल्यासारखे 'यॉल' म्हटले. अर्थ 'यू वृक्षांचे रान'. मुख्य रस्त्यावर 1777 सालचा घड्याळाचा मनोरा रस्त्याच्या डोक्यावरूनच उभा आहे आणि वाहने त्याच्या पोटातून जातात.

पाचवा आणि सहावा दिवस, गुरुवार-शुक्रवार : डिंगल

ट्रॅलीपर्यंत रेल्वे आणि तेथून बस. डोंगर डावीकडे, समुद्र उजवीकडे. या द्वीपकल्पात आयरिश ही अजूनही घरात बोलली जाणारी भाषा आहे. अशा भागांना 'गेल्टाख्ट' म्हणतात आणि तेथे पाट्या केवळ आयरिशमध्ये असतात.

याच कारणाने डिंगलमध्ये मोठा वाद झाला. 2005 मध्ये अमलात आलेल्या आदेशाने गेल्टाख्टमधली इंग्रजी नावे अधिकृत पाट्यांवरून आणि नकाशांवरून गेली आणि डिंगलच्या जागी केवळ 'अन डँगन' राहिले. गावातल्यांचीच तक्रार अशी की पर्यटक शोधत येतो डिंगल, आणि पाटीवर ते दिसतच नाही. शिवाय ऑफली परगण्यात 'डँगन' नावाचे आणखी एक गाव आहे. 2006 मध्ये गावात मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने दोन्ही नावे हवीत असा कौल मिळाला. 2011 मध्ये कायद्याने 'डिंगल' आणि 'डँगन ई खूश' अशी दोन्ही नावे मान्य झाली. मला यातले कोणीच चूक वाटत नाही. ज्या भाषेत नाव जन्मले तिचा हक्क मोठा. पण शेकडो वर्षे तोंडात घोळलेले नावही गावाचेच असते.

आम्ही उतरलो त्या घरच्या मालकीण आयरिश बोलणाऱ्या होत्या. नोंदवहीत मी पत्ता लिहिला तेव्हा त्यांनी पुण्याचे रोमन लेखन 'प्यून' असे वाचले. मी 'पुणे' असे म्हणून दाखवले आणि सांगितले की इंग्रज ते 'पूना' असे लिहीत. त्या म्हणाल्या, "ते लिहिले असते, तर मी निदान जवळपास तरी पोहोचले असते." अगदी खरे होते. पहिल्या दिवशी डन लिअरीच्या बाबतीत मी हेच म्हणत होतो, फक्त उलट्या बाजूने.

मग त्यांनी पेन घेतले आणि आयरिश पद्धतीने आमचे गाव लिहायचे ठरवले. आयरिशमध्ये स्वरावर तिरकी रेघ दिली की तो दीर्घ होतो. पी, त्यावर रेघ दिलेला यू, एन, रेघ दिलेला ई, असे लिहून त्या थांबल्या. "हे चालणार नाही," त्या म्हणाल्या, "एनच्या एका बाजूला रुंद स्वर आहे आणि दुसऱ्या बाजूला बारीक." त्यांनी एनच्या आधी एक 'आय' घुसवला. पुन्हा थांबून विचारले, "तुमचा 'न' रुंद आहे की बारीक? बारीक असेल तर हे ठीक. रुंद असेल तर आय काढून पलीकडे ए लावावा लागेल." मी त्यांना 'ण' म्हणून दाखवला, जीभ टाळूला कशी वळवावी लागते तेही सांगितले. त्यांनी तीनचारदा प्रयत्न केला, नवऱ्याला स्वयंपाकघरातून बोलावले, त्यानेही केला. शेवटी हा न रुंदही नाही आणि बारीकही नाही, असा निर्णय होऊन नोंदवहीत दोन्ही लेखने राहिली.

दुसऱ्या दिवशी पावसात डून खीनपर्यंत जाऊन आलो. समोर ब्लास्केट बेट धुक्यात होते. 1953 मध्ये तेथल्या शेवटच्या रहिवाशांना मुख्य भूमीवर आणण्यात आले. ओसाड घरांची नावे सांगायला आता तेथे कोणी नाही.

सातवा दिवस, शनिवार : शूर नदीच्या काठाने

भाची आणि तिचे यजमान गाडी घेऊन लिमरिकला आले आणि आम्ही टिपरेरी परगण्यातून परतीला लागलो. 'काहिर' असे वाचलेले गाव 'केअर' निघाले. त्याचा अर्थ दगडी गढी; नदीच्या पात्रातल्या खडकाळ बेटावर त्याचा जुना किल्ला आहे. नदीचे नाव पाटीवर 'सुइर' असे दिसते आणि बोलताना ती 'शूर' असते. आता मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तिच्या आयरिश नावात 'एस'च्या लगेच पुढे 'आय' पहाऱ्यावर उभा होता. नीना नावाचे गाव याच परगण्यात उत्तरेला आहे, पण त्याच्या लेखनात शेवटी 'जीएच' आहेत. तेथे जाणे झाले नाही.

पुढे किल्केनी परगण्यात 'इनिशटीग'ला चहा घेतला. 'इनिस' म्हणजे बेट किंवा नदीकाठची कुरण-जमीन. हाच शब्द पश्चिमेकडच्या एनिस गावात इंग्रजांच्या तोंडी पडून 'स' झाला आणि येथे मात्र 'श' राहिला. ओडोनोव्हन याच परगण्यातला. तेथून जवळच्या, मठामुळे प्रसिद्ध असलेल्या गावाचे लेखन पंधरा रोमन अक्षरांचे आहे. बोलताना त्याचे 'ग्रेगनमॅना' होते, अर्थ 'संन्याशांची वस्ती'. जावयांनी गाडी चालवता चालवता अक्षरे मोजायला सांगितली आणि मी दोनदा चुकलो.

आठवा दिवस, रविवार : बॉइन नदी

शेवटच्या दिवशी उत्तरेला जाणारी गाडी घेतली. वाटेतला मीथ आणि पुढचा लाउथ हे परगणे इंग्रजीत शेवटी 'थ' लिहितात, पण स्थानिकांच्या तोंडी तो मृदू होऊन 'द'कडे झुकतो: 'मीद', 'लाउद'. मीथमधल्या नॅव्हन या गावाचे नाव स्वातंत्र्यानंतर 1922 मध्ये 'अन उव' असे केले होते; ते लोकांच्या जिभेवर बसले नाही आणि 1971 मध्ये नॅव्हन परत आले.

माझे उतरण्याचे ठिकाण म्हणजे 'उतारावरचा पूल' या अर्थाचे गाव. रोमन अक्षरांत ते 'ड्रोघेडा' दिसते. मी आठवडाभराच्या अनुभवाने तिकिटाच्या खिडकीशी 'ड्रॉडा' म्हणालो आणि तिकीट विनाप्रश्न मिळाले. परतीच्या फलाटावर पाठीवर पिशवी घेतलेल्या एका परदेशी मुलीने पाटीकडे बोट दाखवून हे कसे म्हणायचे असे विचारले. मी मोठ्या ऐटीत 'ड्रॉडा' असे सांगितले. शेजारच्या बाकावरचे वृद्ध गृहस्थ तत्काळ म्हणाले, "ड्रॉहडा." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सत्तर वर्षे येथे काढलीस आणि अजून नीट म्हणत नाहीस. ड्रॉडा." गृहस्थ म्हणाले, "तू नदीच्या पलीकडची." गाडी येईपर्यंत त्यांचे हेच चालले होते. वहीच्या उजव्या रकान्यात मी दोन्ही उच्चार लिहिले, आणि त्या मुलीनेही आपल्या वहीत दोन्ही लिहून घेतले.